अकराची बॅच

"हॅलो," पुरुषाचा आवाज आला, आणि तरी ताईंनी फोन ठेवला नाही.

संस्थेचा नियमच होता तसा. मार खाणाऱ्या बाईला फोन लावला आणि नवऱ्याने उचलला, तर ठेवून द्यायचा नाही. ठेवला की संशय, आणि संशय आला की मग बाईची धडगत नाही. त्यापेक्षा गोड आवाजात ठरलेलं वाक्य म्हणायचं.

"नमस्कार, शिवणक्लासमधून बोलतेय," ताई म्हणाल्या. "मिसेस आहेत का?"

समोरच्या टेबलावर वकीलबाईंनी कागद बाजूला सारले आणि कान दिला. फोन स्पीकरवर ठेवायचा आणि दुसरीने ऐकायचं, हाही नियमच.

ताईंना साधं बटण लावता येत नव्हतं. पण बारा वर्षं त्या फोनवरून नवऱ्यांना शिवणकाम सांगत होत्या, आणि सांगताना अशा रंगात यायच्या की एकाने चक्क आपल्या बहिणीचं नाव घालायची तयारी दाखवली होती. तो किस्सा नव्या कार्यकर्त्यांना ऐकावाच लागे. "थाप मारावी तर अशी, टाका दिसता कामा नये," हे वर. युक्ती ताईंचीच होती. बारा वर्षांत ती बदलावी असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. चालत्या गाडीला खीळ कोण घालणार?

"ती आंघोळीला गेलीये," तो म्हणाला. "मला सांगा ना. मी नवरा तिचा."

दुपारचे दोन वाजले होते. दोनला तो कारखान्यात असतो, असं तिनेच सांगितलं होतं. दवाखान्याचं निमित्त काढून ती दोनदा संस्थेत येऊन गेली होती. मनगटावर इस्त्रीचं टोक उमटलेलं होतं. माहेरच्यांनी बिजवराच्या गळ्यात बांधून हात झटकले होते, परत ये म्हणणारं कुणी नव्हतं. तिचं नाव ताईंना ठाऊक नव्हतं. नावं-पत्ते लिहायचेच नाहीत. कागद भलत्याच्या हाती लागला तर पंचाईत. ती होती दोनशे चौदा नंबर. आश्रयघरातली एक खाट आज सकाळी रिकामी झाली होती आणि उद्या दुपारपर्यंतच ती राखून ठेवता येणार होती. दोनशे चौदाला आज निरोप मिळाला नाही, तर पुढची खाट कधी, ते देवालाच माहीत.

"बरं झालं, तुम्हीच भेटलात," ताई म्हणाल्या. "उद्यापासून नवी बॅच सुरू होतेय. सकाळी अकराची. तेवढं सांगाल त्यांना?"

"अकराची," तो म्हणाला. "काय काय शिकवता?"

"झबल्यापासून सुरुवात. मग फ्रॉक, अभ्रे, पडदे. कात्री आणि टेप तेवढी घरून आणायची."

"चांगलंय. बायकांचे हात चालते असलेले बरे. नाहीतर डोकं चालायला लागतं."

वकीलबाईंनी तोंड वेडावलं. ताई हसल्या. आवाज लोण्यासारखा मऊ.

"अगदी बरोबर बोललात," त्या म्हणाल्या.

अकरा ही वेळ ठरलेली होती, कारण तोवर नवरे कामावर गेलेले असत. 'अकराची बॅच' म्हणजे काय, ते प्रत्येक बाईला आधीच सांगून ठेवलेलं असायचं: चौकातल्या औषधांच्या दुकानापाशी पांढरी गाडी उभी राहायची. बाई आली की निघायची. नाही आली, तर तासभर थांबून परतायची, आणि ताई रजिस्टरात त्या नंबरापुढे लिहायच्या, 'विचार बदलला'. असे नंबर थोडेथोडके नव्हते. ताईंना त्यांचा राग यायचा. इकडे जिवाचं रान करायचं आणि ऐन वेळी बाईने कच खायची. "मारच गोड लागतो की काय यांना," असं एकदा त्या चिडून बोलूनही गेल्या होत्या.

"मग पाठवाल ना?" ताईंनी विचारलं.

"पाठवतो की. वेळेवर पाठवतो."

ताईंनी वकीलबाईंकडे बघून डोळा मिचकावला. वकीलबाईंनी अंगठा वर केला. दोघींच्याही मनावरचं ओझं उतरलं. आता फोन ठेवला तरी चाललं असतं, पण कौतुक केलं की गडी फुलतो आणि शब्द पाळतो, हा ताईंचा बारा वर्षांचा अनुभव होता.

"तुमच्यासारखे समजूतदार नवरे कमीच बघायला मिळतात हो," त्या म्हणाल्या.

तो मनापासून हसला.

"ओळखलं नाहीत ना मला? मी तुमचा आवाज लगेच ओळखला. माझी पहिली, ती वारली, तिच्या वेळी पण तुम्हीच फोन केला होता. हाच क्लास, हीच अकराची बॅच."

त्याच्यामागे पाण्याचा आवाज नव्हता. कसलाच आवाज नव्हता.

"चार वर्षं झाली, मॅडम, तुम्हाला एक विचारायचं राहूनच गेलंय. तिची किती वेळ वाट बघितलीत त्या दिवशी?"