मासा साक्षीला

दुपारच्या उन्हात मीटिंगच्या खोलीच्या छतावर पाण्याचे कवडसे डुलत होते. काचेच्या पेटीतला सोनेरी मासा आळसावून फिरत होता. रीत बाबांची: कारखान्यातून शुद्ध करून सोडलेलं पाणी पेटीत भरायचं, मासा जगला तरच संचालकांनी अहवालावर सही करायची. आता बाबांच्या खुर्चीत ती होती. "मासा ठणठणीत आहे, मॅडम," मॅनेजरकाका म्हणाले. लहानपणी त्यांच्याच कडेवरून तिने माशांना दाणे टाकले होते. सगळ्यांनी पेनं काढली. तिच्या डोळ्यांसमोर मात्र सकाळी पाहिलेला ओढा वाहत होता, जांभळा, फेसाळ. त्यात पोरं पाय सोडून बसली होती. तिने शिपायाला हाक मारली. "आपलं पाणी ओढ्यात पडतं तिथून बादलीभर आणा. पेटीत ओतू."  काकांनी पेटीवर दोन्ही हात आडवे धरले. "नको गं पोरी, मरेल तो!"