अंग झटकलं तर

ऐक ना, मधे बोलू नकोस. मी वैजूच्या गावच्या जत्रेला गेले होते. तिचा भाऊ आजारातून उठावा, म्हणून काकूंनी, तिच्या आईने, देवीला बोकड बोललेला, आणि तो उठला. बोकड म्हणजे भुऱ्या, वैजूने बाटलीने दूध पाजून वाढवलेला!

तिकडे आधी बोकडावर पाणी ओततात. त्याने अंग झटकलं तर देवीने स्वीकारला, नाही झटकलं तर सोडून द्यायचा. दोनदा ओतलं, भुऱ्या ढिम्म! कारण दोरी धरून वैजू हळूच त्याची मान खाजवत होती. काकू रडायलाच लागल्या, “आई, रागावलीस का? माझ्या लेकाला सांभाळ गं!”

“पोरी, तू हो बाजूला,” पुजारी खेकसले. वैजूने दोरी माझ्या हातात कोंबली आणि पुटपुटली, “खाजवत राहा.”

मागून एक आजी म्हणालीच, “अगं, ही बौद्धांची. हिच्यामुळे काही अडलं म्हणजे?”

आमच्याकडे नवसाला बोकड कापत नाहीत गं. पण सकाळी काकूंनी मला स्वतःच्या हाताने भरवलं होतं. पुजाऱ्यांनी तांब्या उचलला. माझ्या बोटांखाली भुऱ्याचं कातडं थरथरायला लागलं. समोर काकू हात जोडून उभ्या.

तू खाजवलं असतंस?