शाईची डबी

दत्तराव राज्यभरच्या मजूर कुटुंबांच्या संघाचे अध्यक्ष. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनातल्या मशिनींना जाळ्या बसवा, या मागणीसाठी त्यांनी तीन वर्षं गावोगाव हिंडून हजारो अंगठे घेतले आणि दरखास्त हैदराबादेत नेऊन दिली. मग छप्पन साली राज्यच बदललं. परभणी मुंबई राज्यात गेली आणि अंगठ्यांचा गठ्ठा परत आला. शेरा एवढाच, नव्या सरकारकडं नव्यानं अर्ज करा. शाईची डबी घेऊन दत्तराव पुन्हा निघाले. ताडकळसच्या बाजारात जिनावर जाणारी कासाबाई भेटली. त्यांनी सवयीनं तिचा डावा हात धरला, डबीकडं नेला आणि ते थबकले. हाताला चारच बोटं उरली होती. "गेल्या संक्रांतीला मशिनीनं घेतला," कासाबाई म्हणाली. दत्तरावांना मान वर करवेना. तिलाच त्यांची कीव आली. "आवो दादा, तुमच्या जुन्या कागदावर हाय की माजा आंगठा. त्योच धाडा की मुंबईला."