शिवणीतली माया

डॉक्टरांनी कागदावर दोन पोटं काढली आणि कागद नवराबायकोच्या मध्ये सरकवला.

"ही एक पद्धत. जठर कापून निमुळतं करायचं. आणि हा बायपास. जठराची छोटी पिशवी करायची आणि आतडं वळवून तिला जोडायचं. यांची साखर बघता मला बायपास बरा वाटतो. पण घाई नाही. घरी बोला, ठरवा, मग या."

नवरा वाकून कागद बघत राहिला. लिफ्टदुरुस्ती हा त्याचा धंदा. गेल्या वर्षी लिफ्टच्या छताच्या झडपेतून वर चढताना तो कमरेत अडकला, चौघांनी ओढून काढला, आणि कंपनीने त्याला फोन घ्यायला बसवलं. खुर्चीत बसून गडी आणखीच सुटला. रात्री झोपेत त्याचा श्वास मध्येच थांबायचा.

बायकोचं कागदाकडे लक्षच नव्हतं. ती शिवणकाम करायची, सगळी गल्ली तिला टेलरबाई म्हणायची. तिचा पाठचा भाऊ असाच एका किरकोळ ऑपरेशनला हसत हसत आत गेला, तो परत आला नाही.

"माणसाचं पोट म्हणजे काय कापड आहे, कापून लहान करायला?" ती रस्त्यात म्हणाली. "तुमच्या ताटाकडे मी बघते. होईल कमी."

"आजवर बघत नव्हतीस?"

"आजवर मनावर घेतलं नव्हतं."

पुढे दहा पावलांवर त्याला धाप लागली आणि बोलणं तिथेच थांबलं.

थोरली नणंद शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तिचा रोज फोन. "अगं, डॉक्टर सांगतात ते उगाच का? बायपास करून टाका. हट्ट सोड तू."

"ताई, पोट तुमचं नाही म्हणून बोलताय," टेलरबाई म्हणाली. पण हे फोन ठेवल्यावर.

मग कंपनीचं ट्रेनिंग निघालं, नेमकं नणंदेच्या घराजवळ. रोजची यातायात नको म्हणून नवरा पंधरा दिवस बहिणीकडे राहिला. उतरल्या चेहऱ्याने परत आला आणि पिशवी ठेवता ठेवता म्हणाला, "ऑपरेशनचा विषय बंद. तुझं ताटच बरं."

टेलरबाईला हायसं वाटलं. नणंदेनेही मग तो विषय काढला नाही.

पण नवऱ्याला ती ओळखून होती. फरक दिसला नाही की महिन्याभरात हातपाय गाळणार आणि पुन्हा त्या डॉक्टरांचं दार गाठणार. घरात वजनाचा काटा नव्हता. काटे खोटे असतात, पँट खोटं बोलत नाही, असं त्याचं जुनं म्हणणं. आणि पँट शिवणारी घरातच होती.

पँट शिवताना मागच्या शिवणीत थोडं जादा कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. गिऱ्हाईक सुटलं तर ती सोडून पँट सैल करता येते. नवऱ्याच्या पँटींना तिने मुळातच भरपूर माया ठेवली होती, अनुभवाने शहाणी होऊन. आता तो कामावर गेला की ती एकेक पँट घ्यायची, शिवण जराशी सोडायची, नवी टीप मारायची आणि जुन्या टाक्यांची खूण इस्त्रीखाली मिटवायची.

"अगं, सैल झाली की," पहिल्यांदा तो म्हणाला.

"मी काय सांगत होते?"

तो हसला आणि दुसरीकडे बघायला लागला.

चार घास खाऊन ताट सरकवू लागला. तिला वाटलं, माणूस खुशीत असला की भूकसुद्धा ऐकते. घोरण्याने तुझी झोप मोडते म्हणत बाहेरच्या खोलीत झोपू लागला. पट्ट्याला त्याने खिळ्याने नवं भोक पाडलं, मग आणखी एक. उत्साहाच्या भरात उगाच आवळतोय, असं तिने धरून चाललं. तिला स्वतःलाही त्याचा चेहरा बारीक वाटू लागला. आपल्याच थापेला आपण भुलायला लागलो, झालं.

तिचं कामात मन लागेना. एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याच्या दोन्ही बाह्या तिने डाव्याच कापल्या. मशीनवर बसायची, उठायची, पाणी पिऊन परत बसायची. वरून सगळं गोड दिसत होतं, आणि आत याची साखर, याचा श्वास आहे तिथेच. बरं, सांगावं तर ऑपरेशन. न सांगावं तर?

एका दुपारी तो जेवून उठला आणि घामाने डबडबून पायरीवरच बसला. चेहरा पांढराफटक.

"काही नाही, जरा गरगरलं," तो म्हणाला.

भावाला ऑपरेशनने नेलं, नवऱ्याला आपली भीती नेणार. त्याच संध्याकाळी तिने त्याला दवाखान्यात ओढलं.

"आज नको," तो म्हणत होता. "नाहीतर असं कर, तू बाहेर बस, मी एकटा भेटून येतो."

"मुळीच नाही."

आत खुर्चीत बसल्या बसल्या तिने सुरुवात केली. "डॉक्टर, यांचं गुंजभरही कमी झालेलं नाही. हे पँट दाखवतील, सैल झाली म्हणतील. ती मी सैल केली, शिवण उसवून."

"अगं, ऐक तरी," नवरा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. आज मी बोलणार." तिला रडू यायला लागलं होतं. "मला फार भीती वाटत होती हो, डॉक्टर. माझा भाऊ गेला तसाच. म्हणून मी यांना फसवलं, इतके दिवस रोज फसवलं. आता तुम्ही म्हणाल ते. बायपास तर बायपास. सही कुठे करायची सांगा, मी करते."

नवऱ्याने मान खाली घातली. डॉक्टरांनी हातातलं पेन ठेवलं, तिच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"ऑपरेशन झालेलं तुम्ही घरी अजून सांगितलंच नाही?"