गोळ्यांचा दोष

जनाने गोळ्यांचं पाकीट उचलून डॉक्टरांच्या बॅगेत परत टाकलं. या घरात गोळी चालत नाही, एवढंच ती म्हणाली.

किन्हवलीतल्या त्या घराच्या ओट्यावर त्यांचा कुत्रा चंप्या आडवा पडला होता. तीन दिवस जुलाब, आज रक्त. जनाला न विचारता तिच्या नवऱ्याने, देवरामने, जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून आणलं होतं. डॉक्टरांनी कुत्र्याच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली; अंगातलं पाणी आटलं होतं.

डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. अँटिबायोटिक त्याच्या वजनावर ठरवलंय. सकाळी अर्धी गोळी, संध्याकाळी अर्धी. आधी थोडी पेज, मग गोळी. रिकाम्या पोटी दिली तर ओकून टाकेल. बरा दिसला तरी पाच दिवस पुरे करायचे.

जनाने सगळं ऐकलं आणि नवऱ्याकडे बोट केलं. अकरा वर्षांपूर्वी, ब्याण्णव साली, त्यांच्या चार वर्षांच्या पल्लवीला असेच जुलाब लागले होते. देवरामने शहापूरहून गोळ्या आणल्या. तिसऱ्या दिवशी पोरगी गेली.

"ह्यांच्या गोळ्यांनी गेली. आता कुत्रं तरी सोडा म्हणावं."

देवराम विळ्याला धार लावत राहिला. जनाने हे भावकीत सांगितलं होतं, माहेरी सांगितलं होतं, लग्नाच्या मांडवात सांगितलं होतं. त्याने कधी उलट शब्द काढला नाही. त्यामुळे लोकांनाही ते खरंच वाटे.

कुत्र्याला काय काय दिलं, डॉक्टरांनी विचारलं. काहीच नाही, जना म्हणाली. जुलाबात पोट कोरडं ठेवायचं, हे तिला आईने शिकवलेलं. अन्न बंद, पाणी बंद. पाण्याचं भांडं तिने पहिल्याच दिवशी उचललं होतं.

"पोरीलाबी तसंच जपलं. पाण्यासाठी किती रडली. पण एक थेंब दिला नाय मी."

डॉक्टरांनी चटकन मान वर केली. ते बोलणार तोच देवराम उठला. त्याने बॅगेतून गोळ्या काढून खिशात घातल्या आणि डॉक्टरांना हाताला धरून अंगणाबाहेर मोटारसायकलपर्यंत नेलं. कुत्रं मेलं तर तुमच्या माथी, असं मागून ओरडून जना आत गेली.

"पाणी मी पाजतो, गोठ्यामागं नेऊन. पेज, गोळ्या, सगळं देतो," देवराम हळू आवाजात म्हणाला. "पण पाण्याचं तिच्याजवळ बोलू नका."

हे त्याला कधीपासून माहीत आहे, डॉक्टरांनी विचारलं.

"पोर गेली त्याच दिवशी. दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, अंगातलं पाणी आटून गेली म्हणून." त्याने घराकडे पाहिलं. "बाहेर आलो तर ही विचारत होती, कशानं गेली. गोळ्यांनी, म्हटलं मी."