शेजारचा आकडा

थोरलीला या व्यवहारातून दोन गोष्टी मिळवायच्या होत्या. एक, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन. दुसरी, त्यासाठी कुणापुढे तोंड वेंगाडायला न लागणं. त्यातही धाकट्या जावेपुढे. जिच्याशी अकरा वर्षं शब्द नाही, तिच्याकडे मागण्यापेक्षा लंगडत मेलेलं बरं, असं तिचं मत होतं.

म्हणून नवऱ्यामागे राहिलेली दुनळी बंदूक चादरीत गुंडाळून तिने जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे आणली.

त्याने बंदूक उघडली. नळ्या उजेडाकडे धरून आतून पाहिल्या. गंजाचा ठिपका नव्हता. मग त्या सुट्या करून बोटावर टांगल्या आणि पेन्सिलीने ठोकल्या. घंटेसारखा नाद निघाला. चेहरा मात्र त्याने मयताला आल्यासारखा ठेवला.

नळ्यांखालचं पुढचं लाकूड मघाशी जरा खुळखुळत होतं. ते त्याने उलटं केलं आणि भिंग थोरलीच्या हातात दिलं. नळ्यांवर कोरलं होतं २०४१७. लाकडाच्या आतल्या लोखंडावर २०४१८.

"बघा मावशी, हा तुकडा परक्या बंदुकीचा. भिंतीवर टांगण्यापुरता भाव येईल."

त्या भावात गुडघा राहू द्या, काठीसुद्धा बेताचीच आली असती. थोरलीने भिंग काही खाली ठेवलं नाही. परक्या बंदुकीचा आकडा इतका शेजारचा कसा? मग तिला आठवलं. वाटणीच्या दिवशी दोघे भाऊ एकाच चादरीवर दोन दुनळ्या सुट्या करून तेल देत बसले होते. मध्येच जुंपली, आणि हाताला लागेल ते उचलून दोघांनी आपापलं दार गाठलं.

तिने पिशवीतून फोन काढला. तो नंबर तिने कधी पुसला नव्हता. कानाला कमी ऐकू येत असल्यामुळे फोन कायम स्पीकरवर.

"तुझ्या बंदुकीच्या पुढच्या लाकडावर काय आकडा आहे गं?" ना नमस्कार, ना चमत्कार.

पलीकडून धाकटी म्हणाली, "शेवटी सात. नळ्यांवर आठ. गेल्या आठवड्यात त्या जुन्या वस्तूवाल्यानेच दाखवलं. म्हणाला, भिंतीवर टांगा. का हो जाऊबाई?"

या दोघी बोलत नाहीत हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, आणि त्याच भरवशावर व्यापाऱ्याचा सगळा बेत उभा होता. तो आता एक चकचकीत दिवा पुन्हा पुसू लागला.

"रिक्षा कर आणि बंदूक घेऊन ये," थोरली म्हणाली. "मी याच्याच खुर्चीत बसलेय."

अर्ध्या तासात धाकटी आली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. लाकडं तेवढी बदलली. खट्. खट्. खुळखुळ गेली. एकाच कारागिराने घडवलेली जोडी टेबलावर शेजारी शेजारी पडली होती, आणि अशा अख्ख्या जोडीला काय भाव येतो हे व्यापाऱ्याला पाठ होतं. त्याने भाव सांगितला. धाकटीने तो वाढवला. थोरलीने गुडघा चोळत आणखी वाढवला. दिवा खाली ठेवून तो हो म्हणाला.

बाहेर रिक्षा उभीच होती. भाडं कुणी द्यायचं यावरून दोघी भर रस्त्यात अशा काही भांडल्या, की समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला. बोलावलं मी, तर देणार मी, असं थोरलीचं म्हणणं.

"तुम्ही आधी गुडघा बघा तुमचा," धाकटी म्हणाली.

शेवटी व्यापारीच पायऱ्या उतरून आला आणि भाडं देऊन मोकळा झाला. धाकटीच्या येण्याचं, आणि दोघींच्या एकत्र जाण्याचं.