उरलेलं रीळ

चष्मेवाल्याला जुन्या मूक कार्टून फिल्म जमवायचा भारी नाद. त्याच्याकडच्या एका रिळात मांजर आपल्याच सावलीची शिडी करून चंद्रावर चढायचं आणि नेमकी तिथेच फिल्म तुटलेली. तिचा उरलेला भाग पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याकडे होता. त्यालाही हाच नाद. चष्मेवाला दर रविवारी ते रीळ मागायला जायचा. शिंपी चहा पाजायचा, भिंतीवर दुसरी कार्टून दाखवायचा. चित्रांना आवाज नसायचा, तो हे दोघं पुरवायचे. म्याव, धडाम, धपकन करत पोट धरून हसायचे. पण त्या रिळाचा विषय निघाला की शिंपी म्हणायचा, "देऊ रे, घाई काय आहे?" चष्मेवाला घरी येऊन चरफडायचा, "असा चिकट माणूस जन्मात पाहिला नाही."

शिंपी वारला. काही दिवसांनी त्याच्या बायकोने चष्मेवाल्याला बोलावून रिळाचा डबा हातात दिला. त्याने अधीरपणे झाकण उघडलं. आत फिल्म नव्हतीच, नुसता तपकिरी भुगा होता.

"वहिनी, हे कधी झालं?"

"विकत आणलं तेव्हाच खराब होतं. घरी येऊन उघडलं, तर आत हा भुगा."

"मग इतकी वर्षं मला का झुलवलं त्याने?" चष्मेवाल्याचा आवाज चढला.

"मी कितीदा म्हटलं, सांगून टाका एकदाचं." वहिनींनी झाकण हळूच लावलं. "तर म्हणायचे, सांगितलं तर तो आपल्याकडे कशाला येईल?"